मेढ नसलेलं खळं

गुरुजी, आज ग्रामसभेत मी आपल्या वाडीच्या शाळेसाठी भांडले. पटसंख्या घसरली म्हणून ती बंद करायची, उरलेली मुलं पोलादपूरला पाठवायची, असा ठराव होता. मी टेबलावर हात आपटून बोलले. तेव्हा खळ्याशेजारचे काका, ज्यांचे बैल तुम्ही एकदा धड्यासाठी मागून घेतले होते, बसल्या जागेवरून म्हणाले, "बोलतेस बेस गो, पण पोरं हायत कुठं? माझी नातवंडं कळव्याला. शालंत काय बैल बसवू?" सगळे हसले.

तो धडा अजून डोळ्यांसमोर आहे. नाचणीची मळणी चाललीय. मेढीला, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाला, बांधलेले बैल गोल फिरताहेत आणि तुम्ही आम्हा सातवीच्या पोरांना ओरडून सांगताय: वैश्विक किरण हे किरण नव्हेतच, बहुतेक फुटून मेलेल्या ताऱ्यांकडून सुटलेले विद्युतभारित कण. सूर्यमालेत शिरले की चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती असेच गरगरत पुढे सरकतात. "आणि मेढच चालायला लागली तर?" तुम्हीच विचारलंत, तुम्हीच सांगितलंत: सूर्याकडून सतत बाहेर वाहणारा वारा ते क्षेत्र ओढून नेतो, त्यात जागोजागी पीळ पडतात. कण आत येऊ बघतो, वारा त्याला मागे लोटतो, प्रत्येक पिळाशी त्याची दिशा बदलते. सूर्य खवळला की आणखीच कमी कण आत पोचतात. काका तेव्हा जवान होते. म्हणाले, "गुरुजी, मेढ चालली तर बैल माझ्या चुलीत शिरतील!" मी विचारलं, आलेला कण कुठल्या ताऱ्याचा, हे कळतं का? तुम्ही म्हणालात, "पोचतो, पोरी. पण वाटेत इतका वळलेला असतो, की आल्या दिशेवरून त्याचं घर सांगता येत नाही."

आमच्याकडचा वारा बाहेरच वाहतो, गुरुजी. रिक्षानं वीर स्टेशन, तिथून शहराची गाडी. उन्हाळ्यात आटणारी विहीर, डॉक्टर नसलेला दवाखाना, दर पावसात खचणारा रस्ता: हा वारा आपोआप सुटलेला नाही, तो कुणी सोडला ते मी महाडच्या चौकात ओरडून सांगत आले. घसा गेला, वारा थांबला नाही. शहरात वाढलेला माझा भाचा गाव विचारलं की इमारतीचं नाव सांगतो. खोटं बोलत नाही तो.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. काकांचाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

येताना खळ्यावर थांबले. मेढ कुणी तरी जळणाला नेलीय, तिच्या खड्ड्यात गवत उगवलंय. तुम्ही आता कुठं असता, हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. कारण भाषणाच्या शेवटी मी तुमचं नाव घेऊन सांगितलं, "आमचे गुरुजी म्हणायचे, कितीही वळवलं तरी कण पोचतो." टाळ्या पडल्या. तुमचं पुढचं, घराबद्दलचं वाक्य मी गिळलं.