समासातले बँकॉक

बँकॉक
ता. ३ जुलै १९९१

ती. बाबांस व सौ. आईस,
कृतानेक सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. विमानतळावर प्रकाशनसंस्थेच्या संपादक सुमालीबाई स्वतः आल्या होत्या. लहान मुलांसाठी या शहराचे चित्रांचे पुस्तक करायचे आणि ते परक्या डोळ्यांनी पाहिलेले हवे, म्हणून मला बोलावले, हे त्यांनी गाडीत पुन्हा समजावले. मी मान डोलावत होते, पण लक्ष बाहेर होते. गाडीच्या आरशाला मोगऱ्याचा गजरा टांगलेला, आणि पलीकडे विजेच्या तारांचे असे जुडगे, की कुणी शेवया वाळत घातल्यात असे वाटावे.

इथे नदीतून बससारख्या होड्या धावतात. मागच्या टोकाला एक माणूस उभा राहून शिटी वाजवतो. ती ऐकून पुढचा नावाडी होडी धक्क्याला लावतो. बायका बोटात बर्फाच्या चहाची पिशवी अडकवून उतरतात, पिशवीला रबरबँड आणि वर नळी. भिक्षूंचा भगवा एकच नसतो हे इथे आल्यावर कळले. कुणाचा हळदीचा, कुणाचा विटेचा, कुणाचा जुन्या तांब्याचा. दुकानांपुढे खांबावर देवाचे छोटे घर असते, आपल्या तुळशीवृंदावनाएवढे, आणि त्यापुढे लाल सरबताची उघडी बाटली, नळीसकट. आईला नुसते सांगून पटणार नाही, म्हणून हे सगळे डाव्या समासात रंगवून दाखवले आहे.

काळजी करायची नाही असे ठरले होते, याची आईला आठवण करून द्यावी. लोभ आहेच, तो परदेशातही चालू ठेवावा.

आपली,
मीनल

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
ता. १७ जुलै १९९१

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व त्यामागोमाग दुसरेही मिळाले. दोन्ही मी आधी मनात वाचली आणि नंतर तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवली. दोन खुलासे हवेत. देवापुढच्या बाटलीतील सरबत अखेर कोण पिते? आणि शिटीवाल्याचा डावा गाल तू उजव्यापेक्षा फुगीर काढला आहेस, ती हाताची चूक आहे की वस्तुस्थिती? तुझ्या आईच्या मते तो पान खात असावा. ती असेही म्हणाली, की मुलगी एवढ्या लांब गेल्यावर माणसाने आधी ती बरी आहे ना हे विचारावे आणि गालाचे मग पाहावे. सबब, तेही विचारतो.

रविवारी उल्हासनगरहून तुझा शशीकाका आला होता. चित्रे पाहून तो म्हणाला, असली चित्रे तर ती इथे वह्यांच्या कडांवर रोज काढायची, त्यासाठी विमान कशाला हवे होते. त्याला मी चहा दिला. दुसरा विचारला नाही.

बारवी धरण भरत आले आहे, त्यामुळे नळाला पाणी बरे येते. तुझी पत्रे मी तारीखवार फाईलला लावली आहेत. या घरात तुझ्या वस्तूंपैकी जागेवर सापडणारी तेवढी एकच.

प्रकृतीस जपावे आणि पत्र लिहिण्यात कसूर करू नये, एवढेच मागणे.

तुझे,
बाबा

*

बँकॉक
ता. ३० जुलै १९९१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला जरा बेताने वाचून दाखवावे. माझी पुस्तकासाठीची पहिली चित्रे नापसंत झाली. सोनेरी देवळे, निजलेला बुद्ध, तरंगता बाजार, सारे मापात आणि स्वच्छ काढले होते. सुमालीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून पोस्टकार्डे काढून माझ्या चित्रांशेजारी मांडली आणि विचारले, की यात तू कुठे आहेस. ऑगस्ट संपेपर्यंत दुसरे काही दाखवले नाही, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाईल. दिवाळी अंकांतल्या विनोदांखाली चौकटी भरण्यात इतकी वर्षे गेली; स्वतःचे म्हणावे असे हे पहिलेच पुस्तक होते.

तेव्हापासून रोज होडीतून फिरते आहे. पण ‘हे छापायचे आहे’ असे मनात आले की हात बिचकतो. तुम्हाला लिहिलेल्या पत्रात शिटीवाला काढताना तो बिचकला नव्हता. (गाल वस्तुस्थिती आहे. तो शिटी गालात ठेवूनच लोकांशी गप्पा मारतो. सरबत मुंग्या पितात.) ती समासातली चित्रे सुमालीबाईंना दाखवावीत असे वाटते. पाठवलेली पत्रे परत मागणे शोभत नाही हे जाणून मागते आहे. कृपया रजिस्टरने तातडीने पाठवावीत.

या वेळी लोभापेक्षा आशीर्वादाची गरज जास्त आहे.

आपली,
मीनल

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
ता. १२ ऑगस्ट १९९१

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

पत्रे सोबत पाठवीत आहे. ती उघडण्यापूर्वी पुढील मजकूर वाचावा.

कागद हाती आला, की डाव्या कडेला पंच करून फाईलला लावायचा, ही हिशेब खात्यात माझ्या हाताला जडलेली सवय. समास ही मोकळी जागा असते अशीच माझी आजवरची समजूत. परिणामी एक भोक शिटीवाल्याच्या कपाळात, एक भिक्षूच्या पोटात आणि बाकीची होडीत व आभाळात पडली आहेत. वाचताना चित्रे पाहिली होती, कौतुकही केले होते; पंच करताना मात्र मला नुसता कागद दिसला. तुझ्या आईने विचारले, की पोरीच्या चित्राला भोक पाडताना तुमच्या हाताला काही कळले कसे नाही. त्यानंतर तिने माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

सुदैवाने घरचे पंचिंग मशीन मी मार्चअखेरीपासून रिकामे केले नव्हते. त्यातले कागदाचे गोल तुकडे ताटात ओतले. माझा चिमटा चालेना, तेव्हा ती न बोलता शेजारी येऊन बसली. रंग जुळवून एकेक तुकडा निवडला आणि मागून पातळ कागद लावून गव्हाच्या खळीने बसवला. भिक्षूचे पोट तिला सापडले, तेव्हा ती प्रथम बोलली. शिटीवाल्याचे कपाळ काही केल्या मिळाले नाही. तिथे विजेच्या बिलाचा तुकडा लावला आहे. तुझ्या आईच्या मते त्याने गंध लावल्यासारखे दिसते.

बापाने मुलीला क्षमा मागणारे पत्र लिहिण्याचा प्रघात नाही. तरी मागतो. या भोकांपायी तुझे काम गेले, तर ते मला सोसणार नाही.

तुझे,
बाबा

*

बँकॉक
ता. ३० ऑगस्ट १९९१

ती. बाबांस व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक माझ्याकडेच राहिले.

सुमालीबाईंना मराठीचे अक्षर ओळखता येत नाही, तरी त्यांनी पाने सावकाश, ओळीवरून बोट फिरवत पाहिली. म्हणाल्या, ही चित्रे कुणाशी तरी बोलताहेत, आधीची नुसती उभी होती. मग शिटीवाल्याच्या कपाळाला बोट लावून हे काय म्हणून विचारले. मी सांगितले. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि असा माणूस आपल्या कचेरीत हवा होता असे म्हणाल्या. तेव्हा बाबा, क्षमेचा विषय इथे संपला.

आता खरी अडचण लिहिते. कोऱ्या कागदावर तशी चित्रे अजूनही उमटत नाहीत. काल कंटाळून वर ‘ती. बाबांस’ लिहिले आणि धक्क्यावरची केळी तळणारी बाई एका दमात उतरली. म्हणून असे ठरते आहे, की सबंध पुस्तक तुम्हाला पत्रे लिहीतच करायचे. मजकूर थाई भाषेत करून चित्रांसह छापायचा. कागद मात्र छपाईसाठी इथेच राहतील, आणि दिवसभर तेच केल्यावर पुन्हा वेगळे पत्र लिहिण्याचे बळ मला उरणार नाही. म्हणजे डिसेंबरपर्यंत मी रोज तुम्हाला लिहीन आणि तुम्हाला माझे एकही पत्र येणार नाही. आईला हे कसे सांगावे ते सुचत नाही. तुम्ही नको म्हणालात, तर दुसरी वाट शोधीन.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
मीनल

*

कात्रप, बदलापूर (पूर्व)
ता. १३ सप्टेंबर १९९१

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एवढे महिने पत्राविना राहणे मला प्रथमदर्शनी मान्य नव्हते. तुझी आई माझ्याआधी राजी झाली. ती म्हणाली, लिहिते आहे ना, मग ती बरी आहे. आपल्यापर्यंत पोहोचले नाही तर आपण काय वाळून जाणार आहोत.

तिची एक अट आहे, ती तिच्याच सांगण्यावरून कळवतो. प्रत्येक चित्रात, कोपऱ्यात का होईना, त्या दिवशी तू काय जेवलीस ते काढायचे. खोटे काढायचे नाही. पुस्तक घरी आले, की ती पान अन् पान तपासणार आहे, आणि ज्या पानावर खाण्याचे काही दिसणार नाही त्याचा जाब तुला बॅग खाली ठेवण्याआधी द्यावा लागेल.

माझी काही अट नाही. मी दर आठवड्याला लिहीत जाईन. त्याला उत्तर नको. पोस्टमनला मात्र सारे समजावून सांगणे अवघड आहे, तेव्हा तो दिसला की मी पूर्वीसारखाच खाली उतरत जाईन, इतकेच.

मनासारखे काम कर. इकडचा लोभ मुदतीविना आहे असे समज.

तुझे,
बाबा