येजा

बाबा, बाण आता कुणी हातानं काढत नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुली कॉम्प्युटरवर प्रबंध लिहितात. एक कळ दाबली की हवा तसला बाण उमटतो, आणि तरी त्या कुरकुरतात. मग मी त्यांना तुमचं सांगते: वर्ध्याकडून नोकरीसाठी लखनौला आलेले, मॅट्रिकपर्यंत शिकलेले, गणित विभागातले टायपिस्ट. तुमच्या मशीनवर इंग्रजी अक्षरं होती, पण बाण नव्हता, उलटा ए नव्हता, संकलनाचं लांबट चिन्ह तर नव्हतंच. तेवढी जागा तुम्ही कोरी सोडायचात आणि संध्याकाळी निशातगंजच्या घरी बारीक निबनं, काळ्या शाईनं भरायचात. कार्बन लावून चार प्रती निघत, म्हणजे एकेक चिन्ह चारदा काढायचं. मी बी.एस्सी.ला गेले तशा खालच्या दोन पुसट प्रती माझ्या वाट्याला आल्या. तुम्ही वरच्या दोन भरता भरता मोठ्यानं सांगायचात आणि मी ऐकून माझ्या प्रतींत काढायची.

गणित तुम्हाला येत नव्हतं, म्हणून चिन्हांना तुम्ही घरगुती नावं ठेवली होती. संकलनाचं चिन्ह म्हणजे गळ. तीन दातांचं ते काटा. एका टोकाचा बाण ‘जा’ आणि दोन्हीकडं टोक असलेला ‘येजा’. मी नवं नवं शिकलेलं पाजळायची, म्हणायची, बाबा, त्याला इम्प्लाइज म्हणतात, म्हणजे हे खरं असेल तर ते खरं. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “म्हणत असतील. आपल्या घरी जा.” पण तुमची रेघ अशी सरळ, की विभागातले प्राध्यापक म्हणायचे, “बाबूजी, तीर तो आप ही बनाइए.” घरी येऊन हे वाक्य तुम्ही सहज सांगितल्यासारखं सांगायचात, आणि दर वेळी मला तुमचा फार अभिमान वाटायचा.

एका हिवाळ्यात एका संशोधक मुलाचा प्रबंध आपल्याकडं होता. तेव्हा गोमती नगरात नुसती शेतं होती. आई आत स्टोव्हवर भाकरी भाजतेय, तुम्ही पाटीवर पान ठेवून वाकलायत, मी समोर बसलेय. आई हाक मारते, “ये वं, ताट वाढलं.” पाठोपाठ तुम्ही म्हणता, “जा.” आणि मी माझ्या दोन्ही प्रतींत येजा काढते.

त्यांतली एक प्रत बाहेरगावच्या परीक्षकांकडं गेली. तीन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं, की मुख्य प्रमेयच चूक आहे. त्या मुलाची हातातोंडाशी आलेली नोकरी लांबली. विभागप्रमुखांनी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. “बाबूजी, आपके एक तीर ने लड़के की थीसिस डुबो दी.” तुम्ही म्हणालात, “साहब, मेरे हाथ से हुआ है.” हे मला त्या मुलानंच पुढं सांगितलं, तुम्ही कधीच नाही. त्यानंतर अख्खा उन्हाळा कुणी तुमच्याकडं प्रबंध दिला नाही. संध्याकाळी तुम्ही धुतलेले निब पुन्हा धूत बसायचात.

विभागप्रमुखांनी उभं केलं त्या दिवशी घरी येऊन तुम्ही ते पान माझ्यापुढं ठेवलंत. रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, “इथं मी काय म्हटलं होतं?” मी म्हटलं, आईनं ‘ये’ म्हणून हाक मारली, तुम्ही ‘जा’ म्हणालात, मला येजा ऐकू आलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग स्वयंपाकघराकडं, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. पुढं आल्यागेल्या प्रत्येकाला तुम्ही ही गोष्ट ऐकवलीत. हिंदीत ‘आना-जाना’ म्हटलं की तिच्यातली गंमतच जायची, समोरचा भला माणूस “अच्छा, अच्छा” करून चहा प्यायचा, तरी तुम्ही सांगायचं सोडलं नाहीत. आई मात्र हसली नव्हती. “माह्या हाकेपायी झालं सारं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर आपण कामाला बसलो की तिनं कधी हाक मारली नाही. दारात येऊन उभी राहायची, कुणीतरी मान वर करेपर्यंत.

बाबा, मला नीट ऐकू आलं होतं. ते प्रमेय मी आदल्या दिवशीच वाचलं होतं आणि मला वाटलं, उलटंही खरंच आहे की, या मुलाच्या लक्षात कसं आलं नाही? मी त्याला मदत करत होते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. रॉकेल संपलं की स्टोव्ह विझतो, पण विझलेल्या प्रत्येक स्टोव्हमधलं रॉकेल संपलेलं नसतं, एवढी साधी गोष्ट तेव्हा मला कळत नव्हती. तुम्ही जन्मभर हौसेनं सांगितलेली गोष्ट माझ्या थापेवर उभी होती, आणि दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही ती नर्सलाही सांगितलीत तेव्हा मी शेजारी बसून हसले. त्याची मला लाज वाटते.

हे पत्र वहीतच राहणार, तुम्हाला पाठवणार कुठं? पण आई आहे. नव्वदीला आलीय. परवा जेवताना मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, तिची हाक, तुमचा जा, माझा येजा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “काय म्हणतं वं? आयकू नाही आलं.” मी म्हटलं, “काही नाही, जेव तू.” तिचं कानाचं मशीन खिडकीत पडलं होतं, आणि बाबा, सांगायला सुरुवात करण्याआधीच मला ते दिसलं होतं.