वाजवायचा दात

६ एप्रिल
समोरचा वरचा दात अर्धा गेला. लग्नाहून परतताना पिकअपमध्ये बसून क्लॅरनेटवर नवं गाणं घोटत होतो. कोहमाऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला. रक्त कमी, लोकांचं हसणं जास्त. संजू, माझा साळा आणि बँडचा मालक, म्हणाला, "भाऊजी, आराम करा. तुमचे सारे सूर माझ्या कॅसिओत हायेत." गंमत केली म्हणतो. मला नाही वाटली. वरचा दात टेकल्याशिवाय क्लॅरनेट तोंडात ठरत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

८ एप्रिल
गोंदियाला दातांच्या मॅडमकडे. बायको रेखा सोबत. "भैया, उखाडना नहीं है, कंपोझिट से बना देंगे." पुटीसारखा मऊ मसाला. एक थर, निळा दिवा, पुन्हा थर, पुन्हा दिवा. दिव्याखाली बघता बघता दगड. रंग जुळवायला नमुन्याचे दात ओठाशी धरले तेव्हा रेखा मध्येच: "मॅडम, पांढराफेक नोका करू. बाकीचे खर्ऱ्यानं रंगले हायेत त्याईचे." इज्जतच काढली. मॅडमचा हुकूम: तंबाखू-सुपारीचा तो खर्रा बंद, समोरच्या दातानं काही तोडायचं नाही. हो हो म्हणालो. आरशात पाहिलं. खरा कुठं संपतो, कळत नाही.

९ एप्रिल
वाजत नाही. दात केसभर लांब झालाय. माउथपीस खाली कलतो, वरचे सूर चिरकतात. रेखा म्हणते, "कायले चिडून राहिले? कसा मस्त दिसून राहिला दात." दिसतो, तेच तर. जेवण गेलं नाही. घरभर येरझारा. जीभ सारखी तिथंच. कॅसिओला दात लागत नाहीत.

११ एप्रिल
क्लॅरनेट घेऊनच मॅडमकडे, रेखाही सोबत. खुर्चीत बसून वाजवलं, बाहेरचे पेशंट दारात गोळा. मॅडम थोडं घासायच्या, मी फुंकायचो. पुन्हा घासणं, पुन्हा फुंकणं. मग त्यांनी हात थांबवला. "और घिसूँगी तो पतला हो जाएगा, टूट भी सकता है. दिखाने वाला चाहिए कि बजाने वाला?"
रेखाकडे न बघता म्हणालो, बजाने वाला.
वरचा सूर सरळ निघाला. दारातले पेशंट टाळ्या वाजवत होते, गाल सुजलेला एक जणसुद्धा. मॅडमनी माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवायला सांगितला, दाताला दणका कमी.

१६ एप्रिल
गोरेगावचं लग्न. अख्खी वरात संजूनं कॅसिओवर काढली. मी मागे, हातात वाद्य, नुसता शोभेला. असा संताप आला की... असो. बिदाई तेवढी मला दिली. वाजवताना दात टेकलाय हे विसरलोच. नवरीची आई रडणारच होती, पण आचारीही डोळे पुसत उभा. संजू खाली बघत म्हणाला, "भाऊजी, देवरीची वरात तुमची. पूरी."

१८ एप्रिल
सकाळी चूळ भरताना जिभेला त्या दाताचा तुटका कोपरा लागला. काल नव्हता. आरशात दिसत नाही, नखाला लागतो. मॅडमकडे जावं तर पुन्हा थर, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. देवरी उद्या. रेखाला बोललो नाही. ती मात्र माझ्या तोंडाकडेच बघते. ट्यूबचा आणखी एक तुकडा कापून जुन्यावर चिकटवला.
संध्याकाळी संजूचा फोन. "भाऊजी, दात ठीक हाय ना?"
"कोणता दात?" म्हणालो.