चंद्री गाभण राहिली

चि. विनिता,

तू आता या घराची सून नाहीस, तेव्हा 'चि.' लिहावं का हेच मला कळेना. हे पत्र टपालात टाकायचा धीर होईल, असंही वाटत नाही.

आपली चंद्री गाय तीनदा रेतन करूनही राहिली नाही. दर वेळी मी तिला आतून जंतुनाशकाने धुवायची. गुरांचे डॉक्टर रागावले. म्हणाले, "काकू, आत चांगले जंतूही असतात, तेच राखण करतात. तुम्ही सगळेच मारून टाकता." मी धुणं थांबवलं, चौथ्यांदा रेतन केलं, आणि काल त्यांनी तपासून सांगितलं, चंद्री गाभण आहे.

मी विचारलं, "बायकांचंही असंच असतं का हो?" ते हसले. "मला गुरांचं विचारा," म्हणाले.

मग विचारू कुणाला? तुझी पाळी संपली की मीच तुला आतून धुवायला औषधाचं पाणी करून द्यायची. आग होते म्हणालीस, तर मी म्हटलं, आग होते म्हणजे लागू पडतंय. सहा वर्षांनी वांझ म्हणून तुला गोखिवऱ्याला माहेरी धाडली, तीही मीच. कदाचित दोष माझ्या विघ्नेशमध्ये असेल. कदाचित कुणातच नसेल. मला काही उमजत नाही.

चंद्री गाभण राहिली म्हणून विघ्नेशने पेढे आणले. माझ्या वाटणीचा मी चंद्रीलाच चारला.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या पाण्यातलं औषध मी दुकानातून आणलेलं नव्हतं गं. ते गोठ्यातल्या जंतुनाशकाच्या बाटलीतलं होतं.

भुईगावची,
यमुना