दोन प्रमाणपत्रांमधला खिळा

सौंदड, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीप्तीताई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललो तर आई ऐकते, म्हणून हे पत्र. तू सांगितलंस तसा आपल्या कॉम्प्युटर क्लासचा अभ्यासक्रम मोडून नव्याने लावला. आधी सगळ्यांना पायाचा कोर्स, मग तीन वाटा: हेल्पडेस्क, नेटवर्क, डेटाबेस. ज्याला जे काम करायचं, त्याने तीच परीक्षा देऊन तेच प्रमाणपत्र घ्यायचं.

हेल्पडेस्कच्या पहिल्याच बॅचला आई बसली. परीक्षेत क्लासमधल्या ओमेशने शेजारच्या खोलीतून बँकेचा कारकून होऊन फोन केला, प्रिंटर बंद पडला म्हणे. आईने आवाज ओळखला. "ओमेश, तुया मायचा गुडघा कसा आहे आता?" तिथून जी सुरुवात झाली, ती घंटा वाजेपर्यंत गुडघाच चालला. मी तिला नापास केलं.

तेव्हापासून माझ्या ताटात भाताशिवाय काही पडत नाही. भिंतीवर तुझ्या न् माझ्या प्रमाणपत्रांच्या मध्ये तिने आधीच खिळा ठोकून ठेवलाय. तो रिकामा खिळा बघवत नाही गं. पण आईलाच सूट दिली, तर बाकीच्यांच्या प्रमाणपत्राला कोण विचारणार?

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा रत्नपाल

पुणे, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नपाल,
सप्रेम जयभीम व अ. आ.

क्लासच्या पत्त्यावर लिहितेय. सूट अजिबात देऊ नकोस. पण मास्तर, पेपर तुमचा चुकला. सौंदडात आईला अनोळखी आवाज सापडायचा कुठे? माझी इथली मैत्रीण नीतू फोन करील, बाकीच्या नापासांनाही तीच. आणि या कामात समोरच्याचं ऐकून घेणं हे अर्धं काम असतं, त्याला गुण ठेव. प्रिंटर मात्र वेळेतच सुरू झाला पाहिजे.

तुझ्या नेटवर्कच्या परीक्षेच्या वेळीही आईने खिळा आधीच ठोकला होता. तू पहिल्यांदा आपटलास, तरी तिने तो काढला नव्हता.

माया असू दे, भात खात राहा.
तुझी ताई

सौंदड, २३ फेब्रुवारी २०२५

चि. दीप्ती,
आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोन सोडून तुम्ही पत्रं लिहिता म्हणजे विषय मीच, एवढं मला कळतं. नीतूचा फोन आला. जीभ दाताखाली धरली. कोणाची, कुठली, काही विचारलं नाही. कोणता दिवा लागला ते विचारलं, अडकलेला कागद काढायला लावला, प्रिंटर सुरू झाला म्हणाली. वेळ उरला, तेव्हाच विचारलं की पोरी, तुया आवाज काऊन बसला.

मग रत्नपालने प्रमाणपत्र देताना सगळ्यांसमोर नाव पुकारलं, कलाबाई केवळराम मेश्राम. लग्नाच्या पत्रिकेनंतर कोणी हौसेने माझं नाव छापलं, ते आत्ताच. खूप बरं वाटलं, बाई.

काल त्याला वांग्याची भाजी वाढली आणि हातोडी मागितली. आता नेटवर्कची वाट धरते आहे, खिळा आधीच ठोकून घेतला.

आहे तशीच माया ठेव.
तुझी आई
कलाबाई, हेल्पडेस्क पास