दोनदा जेवू घालणारा कप्तान

गोजेक, बंदरामागची गल्ली,
इल्हामीच्या रसाच्या दुकानाचा माळा

माझ्या मानाच्या नेझाहत आत्या,

आधी तुझे दोन्ही हात चुंबून कपाळाला लावतो, मग तोंड उघडतो. पत्र लिहायचं मी टाळत होतो हे कबूल. पहिल्या दिवशी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर मधमाश्या आडव्या आल्या (ते पुढे सांगतो, लक्षात राहिलं तर), आणि आज दोन्ही बाजूंनी मोकळा आहे तर चष्मा नाही. म्हणून एकेक अक्षर अंजिराएवढं आलंय. तुझे गुडघे कसे आहेत? तपकिरी शेळी व्याली का? बुर्दुरात सगळ्यांना सलाम सांग, शेजारच्या हाजेरताईला जरा कमी सांग. तुझ्यासाठी हे स्थळ तिनेच आणलं, आणि आता पुढे काय होतंय म्हणून भिंतीला कान लावून बसणारही तीच. "फोनवर एक अक्षर बोलू नकोस, कागदावर लिही" असं तू म्हणालीस ते योग्यच होतं. माझं विचारशील तर अल्लाच्या कृपेने अंगात जीव आहे, पायात मात्र इल्हामीच्या चपला आहेत.

आता कामाचं. काका गेल्यावर तू कोणाकडे मान वर करून पाहिलं नाहीस, आणि इतक्या वर्षांनी पाहायला निघालीस तर डोळे म्हणून मला धाडलंस. (घरात दुसरं कोणी नव्हतं हे मला माहीत आहे.) तू सांगितलंस तसंच केलं. फेतियेच्या रहमी कप्तानाच्या बोटीवर साधा उतारू म्हणून चढायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, दिवसभर माणूस बघायचा. पसंत पडला तर तू विणलेले ते लाल मोजे, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचे, त्याच्या हातात द्यायचे. तशी खूण हाजेरताईने त्याला आधीच कळवली होती: मोजे मिळाले की मोठ्या माणसांना घेऊन मागणी घालायला यायचं. पसंत नाही पडला तर मोजे परत आणायचे, आणि मग तू ह्या विषयाची खिडकी कायमची लावून घेणार.

तर आत्या, खिडकी लाव. मोठी कडी लाव. का ते सांगतो, पण मला स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही, त्यामुळे तूही सावकाश वाच.

सकाळी धक्क्यावर गेलो तेव्हा कप्तान फळीच्या तोंडाशी टोपली घेऊन उभा होता. बोटीवर बूट चालत नाहीत हे तुम्हा डोंगरातल्या लोकांना माहीत नसेल, लाकडावर चरे पडतात. "बूट टोपलीत टाका," तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बूट माझे, पाय तुमचे." एवढं एकच गमतीचं बोलला असेल दिवसभरात. उंच, सुकलेला, गुळगुळीत दाढीचा माणूस. आवाज असा हळू की आपण चोरून ऐकतोय असं वाटावं. लोक बूट फेकत होते आणि हा वाकून एकेक जोडी लावत होता. मी मोजे बुटांत कोंबले, कारण पोहायच्या चड्डीला खिसा नसतो, आणि पँट टोपलीच्या वरच्या खुंटीला टांगली, फोनसकट.

बसायला जागा मिळाली ती कायसेरीच्या दोन बहिणींमध्ये. त्यांनी द्राक्षाच्या पानांतला भात पुढे केला आणि चौकशी सुरू केली. कोणाचा तू, करतोस काय, लग्न का नाही झालं? तू ओळख लपव म्हणाली होतीस, म्हणून मी म्हणालो, दातांचा डॉक्टर आहे. आत्या, ही चूक कोणी करू नये. थोरलीने तिथल्या तिथे जबडा उघडला. मग धाकटीने. मग मागच्या बाकावरचे एक आजोबा कवळी हातात घेऊन रांगेत उभे राहिले. त्यामुळे सकाळभर जे डोळे कप्तानावर ठेवायचे होते ते कायसेरीच्या दाढांवर राहिले. तरी जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

हा माणूस मोजतो. पोहायला थांबलो की निघताना भोंगा वाजवतो, मग माणसं मोजतो, मग विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा मोजतो. एकदा ते कवळीवाले आजोबा संडासात झोपले, तर सगळी बोट उन्हात खोळंबली. धाकटी बहीण ओरडली, "अहो कप्तान, मेंढ्या आहोत का आम्ही?" तर हा म्हणतो, "मेंढी हरवली तर लांडग्यावर घालता येतं, ताई. माणूस हरवला तर मी काय सांगू?" मला वाटलं, ह्याच्याशी लग्न म्हणजे रोज जेवणानंतर चमचे मोजणं आलं. तेरसाने बेटाशी जेवण झालं, निखाऱ्यावरचा मासा होता. ह्याने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः शेवटी बसला तेव्हा मासा संपला होता, मग पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. ज्याला स्वतःपुरता मासा राखता येत नाही तो संसार काय राखणार? पण ते असो. इथपर्यंत मी त्याला कंटाळवाणा म्हणून सोडून दिलं असतं. खरा प्रकार यास्सिजा बेटांपाशी झाला.

तिथे पाणी उथळ, आणि फेतिये, गोजेक दोन्ही बंदरांतल्या बोटी येऊन उभ्या राहतात, पाठीमागचे दोर पाइन झाडांना बांधून, एकीला लागून एक, चुलत बहिणींसारख्या. मी चष्मा काढून बुटांत, मोज्यांवर ठेवला (सगळ्यात सुरक्षित जागा) आणि उडी मारली. तू म्हणशील, कामावर असताना पोहायचं कशाला? मी पाचच मिनिटांसाठी उतरलो होतो. पण तेवढ्यात गोझलेमेवालीची होडी आली. ह्या बायका होडीतच तवा मांडतात आणि पालक-चीज भरलेल्या पातळ पोळ्या लाटून विकतात. मी वासामागे गेलो. जवळ दमडी नव्हती, म्हणून होडीच्या काठाला धरून गप्पा मारल्या. तिचा भाऊ लष्करात आमच्याच छावणीत होता असं निघालं (नंतर कळलं, नव्हता), तिने अर्धी पोळी तोंडात भरवली, आणि होडी ह्या बोटीवरून त्या बोटीकडे जाताना मीही शेपटासारखा जात राहिलो. मग भोंगा वाजला. मी वळलो, पोहत आलो, शिडी धरली, वर चढलो.

इथून पुढे माझं डोकं चालत नाही.

पहिलं म्हणजे, पुन्हा जेवण! ह्या वेळी कोंबडी, मॅकरोनी, वर कलिंगड. आत्या, एवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो: दोनदा जेवू घालतो. पण माणूस पार बदललेला. सकाळी शर्टात होता, आता उघडा, आणि पोट एवढं की सकाळी ते शर्टात मावलं कसं हेच कळेना. ओठावर काहीतरी काळं होतं, मला वाटलं ऑलिव्ह लागलं असेल. आवाज लग्नातल्या ढोलासारखा. गाणं लावलं, स्वतः कंबर हलवून नाचला, रकी दारूचा पेला खाली ठेवला नाही. कायसेरीच्या बहिणी कुठे दिसेनात, त्यांच्या जागी तरुण पोरी बसलेल्या. मला वाटलं, पोरी बघून माझ्या पेशंट रुसून खाली गेल्या. आणि मोजणी? नावाला नाही! भोंगा मारला की निघाला. एक बिचारा पाण्यात हात हलवत ओरडत होता तर हा म्हणतो, "पोह लेका, पोह! कोंबडी पचेल!" टोपली जागेवर नव्हती. बुटांचं विचारलं तर म्हणतो, "असतील कुठेतरी, भाऊ. मासे काय बूट घालतात?"

मी विचार केला, माणूस जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दुसरा असतो, हे आपल्या आजोबांच्या बाबतीतही होतं. पण मग त्याचा फोन वाजला आणि मी ह्याच कानांनी ऐकलं: "हो गं नुरतेन, आणतो वांगी. पोरांना घरात घे." पोरांना! माझ्या अंगातलं समुद्राचं पाणी उकळलं. तुझी ताकीद विसरलो, समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या आत्याचं काय?

"आत्या आहे?" तो म्हणाला. "आण की! वरच्या मजल्यावर उशा आहेत, सावली आहे, वयस्क बायकांना बरं पडतं."

मी म्हणालो, आणि तुमची बायको?

"बायकोचं काय त्यात? ती कधी बोटीवर येतच नाही!"

आत्या, मी खाली बसलो. असं तोंड वर करून सांगतो! तू बुर्दुरात बसून ह्याच्यासाठी शिंगं विणलीस, आणि ह्याने तुझ्यासाठी उशा ठेवल्या आहेत. संध्याकाळी तर कहर झाला. सकाळी फेतियेहून निघालेली बोट ह्याने गोजेकला लावली! बंदर चुकला, पिऊन! आणि लोक "छान झालं हं" म्हणत उतरले, एकाने हूं की चूं केलं नाही. मी चड्डीवर, अनवाणी, तापलेल्या धक्क्यावर उड्या मारत इल्हामीचं दुकान गाठलं (लष्करात माझ्या खालच्या खाटेवर होता तो). दुसऱ्या सकाळी जाऊन रहमी कप्तानाला जाब विचारावा म्हटलं तर धक्क्यावरचे सगळे म्हणतात, इथे रहमी म्हणून कोणी कप्तान नाही. म्हणजे नावसुद्धा खोटं! मग फेतियेला जाऊन तक्रार करायला निघालो. मध गोळा करणाऱ्यांच्या ट्रकने उचललं, पण ट्रक निघाला डोंगराकडे, पोळ्यांच्या पेट्या उतरवायला. त्यांना एक हात कमी होता, मग मी राहिलो. एक माशी पापणीला चावली. डोळा आज उघडलाय.

तर निकाल असा: बायको आहे, पोरं आहेत, दारू आहे, बूट चोरतो, नाव बदलतो. दोनदा जेवू घालतो, पण त्यावर आयुष्य काढता येत नाही. मला वाईट वाटतं, आत्या. खरंच वाटतं. निघताना, सुखरूप परत ये म्हणून, तू माझ्यामागे पाण्याची लोटी ओतलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तुझा, डोळे म्हणून पाठवलेला,
इल्काय

ता. क. माझा जुना चष्मा भिंतीतल्या कपाटात, बटणांच्या डब्यात आहे. एक काडी तुटकी आहे, चालेल. खरं म्हणजे पत्र ह्याचसाठी आजच लिहायला घेतलं. काल मी रसात साखर समजून मीठ घातलं म्हणून इल्हामीने मला हाकलायची धमकी दिली आहे.

आणखी एक ता. क. मोज्यांचं लिहायचं राहिलं. ते बुटांत होते आणि बूट त्याच्याकडे. पण मी हातात दिलेले नाहीत. बुटांत राहिलेल्या मोज्यांना होकार म्हणत नाहीत, असं मला वाटतं. तुझ्याकडे काय रीत आहे? जमल्यास दुसरे विण, म्हणजे ते मी परत आणले असं धरता येईल.

तिसरा ता. क. इल्हामी चहाच्या दुकानातून बातमी घेऊन आलाय. यास्सिजाला फेतियेच्या कुठल्याशा बोटीवरून एक दातांचा डॉक्टर बुडाला म्हणे. कप्तानाने माणसं मोजली तर एक कमी भरला. तेव्हापासून त्याने धंदा बंद ठेवलाय आणि डॉक्टरचे बूट घेऊन बंदरोबंदरी हिंडतोय. दोन बायका तर धक्क्यावर बसून रडल्या, फार हळुवार हात होता म्हणून. मला भरून आलं. मीही त्या दिवशी दातांचाच डॉक्टर होतो, जरा इकडेतिकडे झालं असतं तर मीच असतो. असा कप्तान तुला मिळायला हवा होता, आत्या.

चौथा. खाली कोणीतरी आलंय. हळू आवाज आहे. "भाऊ, हे बूट ओळखीचे आहेत का?" इल्हामी म्हणतो, "बूट नाही, वास ओळखीचा आहे. वर आहे. पण तो बुडालेला नाही हं, खाऊन झोपलेला असतो." आता बाईमाणसाचा आवाज. असा आवाज बुर्दुरात एकाच गळ्यात

आत्या, वरच्या ओळीत जी रेघ फरफटली आहे ती तुझी थप्पड. पुढचा ओला डाग तुझाच. मी तुझ्याकडे बघतोय आणि तुलाच लिहितोय, कारण लिहिणं थांबवलं तर बोलावं लागेल. माझ्या पँटमधला फोन वाजला, तो त्याने उचलला, आणि पलीकडे तू होतीस. "पोरगा मोजे ठेवून बुडाला" एवढंच त्याला सांगता आलं, असं तू म्हणतेस. आणि तू पहिल्या बसने निघालीस, गुडघ्यांसकट.

त्याने बुटांतून काढून चष्मा दिला. घातला. उंच आहे, सुकलेला आहे. पोट नाही. ओठावर काही नाही. दोन बोटी होत्या, आत्या.

"काय लिहितोयस?" म्हणून तू हात पुढे केला आहेस. मी पानं गुडघ्याखाली दाबली आहेत.

तो अजून दारात आहे. स्वतःचे बूट काढले, जोडून ठेवले, शेजारी माझे ठेवले. पायात लाल मोजे, ह्या ऑगस्टात. आत आला, इल्हामीकडे बघितलं, तुझ्याकडे, मग माझ्याकडे. ओठ हलले. पुन्हा एकदा बघितलं, पुन्हा ओठ हलले.

मग बसला.