जत्रेचा पिक्चर

गोरेगाव, मुंबई
४ एप्रिल १९८४

प्रिय आनंदा,

पत्र घरी न पाठवता कचेरीच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणून घाबरू नकोस. वाचून झालं की घरी ने आणि बायकोलाही दाखव. लपवण्यासारखं यात काही नाही आणि लपवालपवीचा मला आता वीट आला आहे. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले. एकात तुला नुसत्या शिव्या होत्या, दुसऱ्यात रडगाणं होतं आणि तिसऱ्यात मी इतकी शहाण्यासारखी बोलले होते की माझं मलाच हसू आलं. सेटवरचे दिवे गेलेत, वायरमनची शोधाशोध चालली आहे, आणि मी तोंडाला रंग फासून मेकअपच्या खोलीत बसले आहे. दर दोन ओळींनी उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येऊन बसते. अक्षरावरून तुला कळेलच.

आबांचं पत्र परवा आलं. म्हणजे तुझंच. रविवारी तू गावी आलास की सांगायचं आबांनी, ओट्यावर बसून लिहायचं तू, ही गेल्या आठ वर्षांची रीत. तू त्यांचा शब्दही बदलत नाहीस, हे मला फार आवडतं. ते तोंडाने बोलतात तसेच कागदावर उतरतात. पण या वेळचं पत्र वेगळं आहे. तुला पाठ असेल, तरी उतरवते, कारण मी ते दिवसातून दहादा वाचते आहे. 'पौडाच्या स्टँडावर तुजा फोटू बघितला. तोंड बरूबर तुजंच, कपाळावरचा वण बी तसाच हाय. खालचं समदं सरकारी कागदानं झाकलंय, गुरांच्या लशीचं कायतरी हाय म्हनं. पर मी वळाकलं. यंदा जत्रंला तमाशा न्हाई. तुजा पिच्चर आणायचा, पंचांनी मान डोलावली. कोंडिबा तंबूवाला व्हय म्हनला. नारळ मीच फोडणार हाय, तुजी आई म्होरं बसंल. तुला यायला जमत न्हाई तर पडद्यावर तरी ये.'

पडद्यावर तरी ये! आनंदा, त्या पडद्यावर मी कशी येते ते तुला ठाऊक आहे, कोंडिबाला ठाऊक आहे, गावातल्या तरण्या पोरांना तर असणारच. पौडात कोण जात नाही? पण आबांच्या तोंडावर कोण बोलणार? मी डोळे मिटले की मला तो तंबूच दिसतो. भैरोबाच्या माळावर सगळं गाव बसलेलं. पुढे बायका, त्यात आई नवं लुगडं नेसून. आबा फेटा बांधून पडद्यापुढे नारळ फोडतात, चार दिशांना पाणी शिंपडतात आणि मोठ्या मानाने येऊन बसतात. मग दिवे जातात. पुढचं मला बघवत नाही, म्हणून मी उठून खिडकीपाशी जाते.

पिक्चर कसला आहे ते सरळच लिहिते. नऊ दिवसांत काढलेला, फक्त प्रौढांसाठी. गोष्ट म्हणशील तर एका चिठोऱ्यावर मावेल. बाकी ओली साडी, खाट आणि बंद होता होता राहिलेलं दार. असे मी आजवर पाच केले. घरी मात्र दर वेळी कळवलं, की सासुरवाशिणीचं काम आहे, बहिणीचं आहे, नर्सचं आहे. त्यातलं नर्सचं खरं होतं, पण ती नर्स कुणाची शुश्रूषा कशी करते ते लिहिलं नाही. आणि तू ती माझी पत्रं आबांना ओट्यावर बसून वाचून दाखवत राहिलास. वाचताना तुझा आवाज कसा लागत असेल, हे मला पूर्वी कधी सुचलंच नाही.

कुणी फसवून नेलं, असं मी म्हणणार नाही. बेबी प्रभावती म्हणून चार पिक्चर झाले तेव्हा पौडच्या बाजारात बायका मला कडेवर घ्यायला भांडायच्या. तेराव्या वर्षी उंची वाढली, दात पुढे आले आणि पिक्चरच्या मंडळींनी आबांना सांगितलं, आता थोडी वर्षं जाऊ द्या, मग हिरॉईन करू. आबांनी ते देवाच्या कौलासारखं धरून ठेवलं. अठराव्या वर्षी मी इकडे आले तर ओळखणारे पुष्कळ निघाले. 'अगं, तीच का तू, पाण्यात रडणारी?' म्हणायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. पाच वर्षं मी हिरॉईनच्या मागे हंडा घेऊन नाचले. तेविसाव्या वर्षी एकाने विचारलं, पुढे येऊन उभी राहशील का? काय करायचं ते त्याने स्पष्ट सांगितलं. मी रात्रभर विचार केला, असंसुद्धा नाही. हंड्याचा इतका कंटाळा आला होता की हो म्हणून टाकलं.

मघाशी चंद्राबाई येऊन गेली. ही माझ्याच वयाची, साताऱ्याकडची. ज्या जागी माझा चेहरा दिसत नाही त्यातल्या बऱ्याच जागी ती असते. मी तिला आबांचं पत्र दाखवलं. तिने उपाय सांगितला. म्हणाली, 'सांग की घरी, तोंड माझं हाय, अंग त्या दुसरीचं हाय म्हणून. मला काय हितं कोण वळखतंय?' खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. निम्मं खरंही आहे. मग तिने सहज म्हटलं, तिचे वडील वारले तेव्हा शूटिंग चालू होतं, ती जाऊ शकली नाही. म्हणजे तिलाही वडील होते. माझी लाज तिच्या अंगावर ढकलून मी गावात साळसूद म्हणून मिरवू? ते नको.

दुसरा उपाय म्हणजे थाप. कोंडिबाला गाठून सांगायचं, की पिक्चरची पेटी पुण्याहून मिळाली नाही म्हण. तेवढं तूही करू शकशील. पण आबा ऐकणाऱ्यातले आहेत का? ते धोतर झटकतील, पहिल्या एसटीने पुण्याला जातील आणि जिथे लागला असेल तिथे एकटेच जाऊन बसतील. डोळ्यांपुढे गर्दी तरी नसेल म्हणशील, पण जवळही कुणी नसेल. ते मला तंबूपेक्षा वाईट वाटतं.

तुला शूटिंगचा तो पहिला दिवस आठवतो का? सहासष्ट साल. मी आठ वर्षांची, तू दहाचा. धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून मी लांब गेलेल्या होडीकडे बघत आईला हाका मारायच्या आणि रडायचं. मला रडूच येईना. कुणी चिमटे काढले, कुणी दटावलं, आईने मेलेल्या वासराची आठवण काढून दिली. सगळं गाव काठावर. देवळात शूटिंगच्या मंडळींच्या जेवणाची पंगत बसायची होती आणि तू पायरीवर चढलास म्हणून माझ्याच आबांनी तुला हाताने मागे सारलं होतं. तू तसाच बांधावर उन्हात उभा राहिलास. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, नुसता माझ्याकडे बघत. मी कॅमेऱ्यापलीकडे तुला पाहिलं आणि जी रडायला लागले ती थांबेचना. टाळ्या पडल्या. आबा आजही सांगतात ना, की माझी पोर जन्मजात नटी? मी त्या दिवशी अभिनय केलाच नव्हता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पौडच्या स्टँडवर तू मला लग्नाचं विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, एक पिक्चर होऊ दे. तुमच्याकडचं पाणी न पिणाऱ्या घरातली मुलगी, मला काय, सबबी तयारच होत्या. पुढे तुझं लग्न झाल्याचं आबांनी कळवलं, तेही तुझ्याच अक्षरात. 'आनंदाचं लगीन झालं, पोरगी मास्तरीण हाय, ग्वाड हाय.' ग्वाड हा शब्दही तू जसाच्या तसा लिहिलास. मी खूप हसले आणि मग जेवले नाही.

आता तुझ्यावरचा राग. दर पत्राच्या शेवटी, आबांचं संपलं की, तू स्वतःची एक ओळ घालतोस: सगळे बरे आहेत, काळजी नसावी. या वेळी ती नाही. तिथे शाईचा एक ठिपका आहे, फुटलेला, म्हणजे तू पेन टेकवून बराच वेळ थांबला होतास. दोन दिवस मी त्या ठिपक्यावर चिडत होते. एवढं सगळं लिहून घेतलंस आणि एक शब्द तुझ्या पदरचा नाही? आज सकाळी चहा पिताना एकदम लक्षात आलं. गुरांच्या लशीची सूचना. पौडात सरकारी कागद डकवायचं काम कचेरीतल्या कुणाकडे असतं, ते मला माहीत आहे. स्टँडवर एवढी भिंत मोकळी असताना तो कागद नेमका पोस्टरवर, माझ्या गळ्याखाली, बेताने लावलेला. आणि त्या कागदामुळेच आबांना उरलं फक्त तोंड, आणि त्यांना वाटलं, पोरीचं नाव झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आबा ती मूठ आता जत्रेत उघडायला निघाले आहेत. तू खळ लावून तो कागद डकवताना आजूबाजूला स्टँडवरचे लोक असतील. हसलेही असतील. आठ वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही, आणि त्याचं हे असं झालं. मला तुझ्यावर रागावताही येईना.

म्हणून हे पत्र. तेरा तारखेला, शुक्रवारी, जत्रेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या एसटीने मी पौडला उतरेन. तो कागद तोवर काढू नकोस. तिथून गावच्या गाडीत माझ्याबरोबर बैस, लोक बघतील तर बघू दे. आबांना मी सांगणार आहे, पिक्चर कसला आहे, कागदाखाली काय आहे, सगळं. नारळ फोडायच्या आधी त्यांना माझ्या तोंडून कळू दे. मग ते मला घरात ठेवोत नाहीतर हाकलोत. तू एक शब्दही बोलायचा नाहीस. फक्त नेहमीसारखा ओट्यावर थांबू नकोस. आबा काही म्हणाले तरी आत ये आणि त्यांच्या मागे, मला दिसशील असा उभा राहा. त्यांच्या तोंडाकडे बघून मला बोलता येणार नाही, तुझ्याकडे बघून येईल.

तुझीच,
प्रभा